ग्वाल्हेरच्या व्यावसायिक आवारांतील झाडे-झुडपे : निवड आणि लागवड यांविषयीच्या चर्चेचा आढावा

१. प्रश्नाची व्याप्ती

व्यावसायिक आवार या संज्ञेत व्यापारी संकुले, हॉटेले, खाजगी रुग्णालये, कार्यालये, कारखाने, पेट्रोल पंप, मंगल कार्यालये आणि प्रदर्शनांची मैदाने यांभोवतीच्या मोकळ्या जागेचा समावेश होतो. अशा जागेतील लागवड घरच्या बागेपेक्षा वेगळी असते आणि वनीकरणापेक्षाही वेगळी असते. येथील बरीचशी जमीन फरसबंदीखाली, नळ-गटारांच्या जाळ्याखाली किंवा तळघराच्या छतावर असते. झाड कोणते लावायचे हे वास्तुविशारद किंवा मालक ठरवतो, ते कंत्राटदार लावतो आणि त्याची निगा तिसराच कोणी राखतो, त्यामुळे निर्णय व जबाबदारी एका हाती राहत नाहीत. शिवाय उद्घाटनाच्या दिवशी आवार हिरवेगार दिसावे अशी अपेक्षा असते, तर झाडाचा खरा उपयोग दहा-पंधरा वर्षांनी सुरू होतो. निवड आणि लागवड यांविषयीचे बहुतेक मतभेद या तीन गोष्टींतूनच उपजलेले आहेत. प्रस्तुत लेखात ग्वाल्हेर शहर व त्याच्या लगतचा औद्योगिक पट्टा समोर ठेवून या मतभेदांची आजची स्थिती मांडली आहे.

२. पार्श्वभूमी

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर हे शहर आकाराला आले तेव्हापासून ग्वाल्हेरची हिरवळ प्रामुख्याने दरबाराच्या आश्रयाने वाढली. १८७४ मध्ये पूर्ण झालेला जयविलास राजवाडा, त्याच्या परिसरातील इटालियन पद्धतीची बाग, फुलबाग आणि तेथे १९२२ मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय या सर्व ठिकाणी आखीव वाटा, हिरवळ आणि कारंजी यांना विस्तीर्ण छायावृक्षांची जोड होती. जागा मुबलक होती, माळ्यांचा ताफा पगारी होता आणि झाडाला पुरेशी खोल माती मिळत होती. व्यापारी हेतूने राखलेल्या मोकळ्या जागेचे शहरातील एक जुने उदाहरण मेळ्याचे आहे. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने गुरांचा बाजार म्हणून सुरू झालेला हा मेळा पुढे उत्तर भारतातील मोठा व्यापार मेळा ठरला. हिवाळ्यात काही आठवडे प्रचंड वर्दळ आणि उरलेले वर्ष जवळजवळ सामसूम, अशा जागेला लागणारी झाडे रोजच्या बाजारपेठेला लागणाऱ्या झाडांहून वेगळी असतात, हेही या मैदानावरून लक्षात येते.

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलपासून बिर्लानगरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे मुरैना जिल्ह्यातील बामोर आणि भिंड जिल्ह्यातील मालनपूर येथे औद्योगिक क्षेत्रे झाली आणि आवारातील लागवडीला शोभेबरोबरच धूळ व धूर अडवण्याचे काम आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००० साली हरितपट्ट्यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रदूषण सोसणाऱ्या जाती कोणत्या, त्या किती ओळींत व कोणत्या उंचीच्या क्रमाने लावाव्यात, याची चर्चा त्यानंतर कारखान्यांच्या कागदपत्रांत नियमित दिसू लागली. सिटी सेंटरसारख्या नव्या भागांत व्यापारी संकुले उभी राहिली तसे पाम, छाटून आकार दिलेले फायकस आणि वाहनतळाच्या कडेला सरळसोट अशोकाच्या रांगा हे चित्र सर्वत्र रूढ झाले. येथे अशोक म्हणजे सीतेचा अशोक नव्हे, तर आसुपालव.

३. हवा, माती आणि पाणी

ग्वाल्हेरची हवा टोकाची आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दिवसभर लू वाहते, तर डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडून रात्रीचे तापमान काही वेळा दोन-तीन अंशांपर्यंत उतरते. पाऊस साधारण ८०० मिलिमीटरच्या आसपास असला, तरी त्याचा बहुतांश जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडून जातो. त्यामुळे येथे टिकणाऱ्या झाडाला उष्णता, कोरडेपणा आणि दहिवर हे तिन्ही सोसावे लागतात. मुंबई-पुण्याकडच्या अनुभवावर बेतलेल्या याद्या येथे लागू पडत नाहीत, याचे हे मुख्य कारण होय. गुलमोहराची कोवळी रोपे पुण्यात निर्धास्त वाढतात. उत्तरेकडील थंडीत पहिले दोन-तीन हिवाळे ती झाकून ठेवावी लागतात.

मातीतही एकसारखेपणा नाही. किल्ल्याच्या व भोवतालच्या टेकड्यांवर वालुकाश्मावरची उथळ, दगडाळ माती आहे, तर मुरार आणि भिंडच्या बाजूला गाळाची खोल जमीन असून तिच्यात ठिकठिकाणी चुनखडीचे कंकर सापडतात. चुनखडीयुक्त जमिनीचा सामू अल्कधर्मी असतो, म्हणजे तिच्यात लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही. इक्झोरासारख्या झुडपाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते लक्षण या लोहाच्या उपासमारीचे असते. माळी पुष्कळदा याचा अर्थ पाणी कमी पडले असा लावतो आणि पाणी वाढवतो. त्यामुळे मुळांना हवा कमी मिळून दुखणे आणखी बळावते. बांधकामाच्या आवारात ही अडचण अधिक तीव्र होते, कारण सिमेंटचा राडारोडा, चुना आणि विटांचे तुकडे त्याच मातीत गाडले गेलेले असतात.

शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार सांक नदीवरील तिघरा धरण आहे आणि टंचाईच्या वर्षांत पुरवठा एक दिवसाआड करण्याची वेळ येते. त्यामुळे मोठी हिरवळ राखणारे आवार व्यवहारात बोअरवेलवर किंवा टँकरवर चालते. आपल्याच सांडपाण्याचे शुद्धीकरण करून ते बागेला देणाऱ्या संकुलांना हा ताण कमी जाणवतो; मात्र अशा पाण्यातील क्षार साठत गेल्यास ते सोसणाऱ्या जातींचा वेगळा विचार करावा लागतो.

४. निवडीविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका देशी, किंबहुना स्थानिक जातींची आहे. प्रदीप कृष्ण यांच्या दिल्लीच्या वृक्षांवरील २००६ च्या ग्रंथाने आणि त्यानंतरच्या मध्य भारतातील वनवृक्षांवरील ग्रंथाने ही भूमिका सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली. कोणत्याही जागेसाठी झाड निवडताना त्या जागेसारख्या नैसर्गिक अधिवासात आपोआप काय उगवते ते आधी पाहावे, असे या भूमिकेचे सूत्र आहे. ग्वाल्हेर-शिवपुरी पट्ट्यातील टेकड्यांवर करधई, धावडा, साळई, खैर आणि पळस यांची विरळ, पानझडी वने आहेत. त्यांपैकी करधई उथळ खडकाळ जमिनीत तग धरते आणि पावसाची चाहूल लागताच पालवते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यालगत २००६ पासून उभ्या राहिलेल्या राव जोधा वाळवंटी शिळा उद्यानात हे सूत्र प्रत्यक्षात उतरलेले दिसते. तेथे विलायती बाभळीची मुळे काढण्यासाठी दगडफोडीचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या खांडवालिया कारागिरांची मदत घेण्यात आली. हातोडीच्या आघाताचा नाद ऐकून खडक कोठे मऊ आहे हे ते ओळखत, त्या जागी खड्डे खणत आणि त्यांत खडकाळ प्रदेशातील मूळच्या जाती लावल्या जात. ग्वाल्हेरच्या टेकडीउतारावरील हॉटेले व संस्थांसाठी हे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. या भूमिकेची अडचण अशी की करधई, धावडा यांसारख्या जातींची रोपे व्यापारी रोपवाटिकांत क्वचित मिळतात, त्या सावकाश वाढतात आणि वर्षातील काही महिने निष्पर्ण असतात.

दुसरी भूमिका उपयुक्ततेची आहे. झाडाचे मूळ कोठले यापेक्षा ते दिलेल्या जागी नेमून दिलेले काम करते की नाही हे महत्त्वाचे, असे तिचे समर्थक मानतात. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा की देशीपणाची रेषा आखणेच कठीण आहे. ग्वाल्हेरमध्ये सोळाव्या शतकातील गायक तानसेनाच्या समाधीजवळची चिंच आदराने पाहिली जाते आणि तिची पाने चघळल्यास गळा गोड होतो अशी श्रद्धा आहे. मात्र चिंचेचे मूळ आफ्रिकेत आहे, आणि शतकांच्या सहवासाने ती येथलीच झाली आहे. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील असली, तरी कमी पाण्यावर उन्हाळाभर फुलते आणि आपणहून रानात पसरत नाही. मात्र हीच भूमिका सैलपणे राबवली तर काय होते याचा धडा चंबळच्या दऱ्यांत आहे. माती धरून ठेवण्यासाठी तेथे विलायती बाभळीचे बी विमानातूनही टाकले गेले. धूप रोखण्याचे काम त्या झाडाने काही प्रमाणात केले, स्थानिकांना सरपणही दिले, परंतु इतर वनस्पतींना मागे सारून ते शेतांपर्यंत पसरले.

अलीकडच्या काळात हा वाद कोनोकार्पसभोवती केंद्रित झाला आहे. झटपट वाढणारे, बाराही महिने हिरवे राहणारे आणि कुंपणासारखे दाट छाटता येणारे हे झाड व्यावसायिक आवारांत पाहता पाहता लोकप्रिय झाले. गुजरातच्या वनविभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. भूमिगत वाहिन्यांत शिरणारी मुळे आणि परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास ही कारणे पुढे करण्यात आली. आरोग्याविषयीचा दावा पुरेशा पुराव्यावर उभा नाही, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. शरद ऋतूत उग्र वासाची फुले येणाऱ्या सप्तपर्णीविषयी दिल्लीच्या परिसरात अशाच तक्रारी आहेत आणि ते झाड तर भारतीयच आहे. म्हणजे एकाच जातीची अतिरेकी लागवड हा दोष देशी-परदेशी या विभागणीने सुटत नाही.

तिसरी भूमिका येथून निघते, ती वैविध्याची. अमेरिकेतील एल्म वृक्षांच्या रांगाच्या रांगा एका बुरशीजन्य रोगाने नष्ट झाल्यानंतर फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये एक ढोबळ नियम सुचवला : एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. येथे प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट आणि कुळ म्हणजे अशा गटांचा समूह. वड, पिंपळ, उंबर व पाकड ही एकाच प्रजातीची चार झाडे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे वरवर समृद्ध वाटणारी यादी प्रत्यक्षात किती अरुंद असू शकते ते कळते. ग्वाल्हेरमध्ये सर्वांत भरवशाचे झाड म्हणून कडुनिंबाकडे पाहिले जाते आणि ते योग्यही आहे. तथापि २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंब शेंड्याकडून वाळत जाण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसून आला, त्यामुळे एकाच झाडावर विसंबण्याचा धोका भारतीय उदाहरणानेही स्पष्ट झाला आहे.

चौथी भूमिका व्यापाऱ्यांची आहे आणि तिला तज्ज्ञांच्या लेखनात पुरेशी जागा मिळत नाही. झाडामुळे दुकानाची पाटी झाकली जाते, जांभळाची फळे गाड्यांवर डाग पाडतात, पानगळ रोज झाडावी लागते आणि पाखरांच्या थव्यांमुळे उपाहारगृहाच्या अंगणात घाण होते, या अडचणी खऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूला, वॉशिंग्टन विद्यापीठातील कॅथलीन वुल्फ यांच्या पाहण्यांत सावली असलेल्या बाजारपेठेत त्याच मालासाठी ९ ते १२ टक्के अधिक किंमत देण्याची तयारी ग्राहकांनी दर्शवली. अर्थात या पाहण्या अमेरिकेतील व सांगितलेल्या पसंतीवर आधारित आहेत. ४५ अंशांच्या उन्हात गाडी कोठे लावायची हे ठरवणाऱ्या ग्वाल्हेरच्या ग्राहकाला सावलीचे मोल बहुधा अधिकच वाटेल, पण तसे मोजून पाहण्याचे काम बाकी आहे. पाटीचा प्रश्न काही अंशी छाटणीने सुटतो. खालच्या फांद्या हळूहळू काढून खोड अडीच-तीन मीटरपर्यंत मोकळे केले, की नजर झाडाखालून जाते आणि सावली वर राहते. आसुपालव किंवा पाम यांच्या बाबतीत नजर अडत नसली तरी सावलीही फारशी मिळत नाही.

५. जागेनुसार जाती, आणि झुडपांचे स्थान

या चारही भूमिकांना मान्य होईल असा एक भाग आहे, तो जागेनुसार जाती ठरवण्याचा. मोठ्या मोकळ्या आवारासाठी वड, पिंपळ व पाकड श्रेष्ठ असले, तरी त्यांची मुळे इमारतीच्या पायाजवळ आणि नळांजवळ त्रासदायक ठरतात. वाहनतळासाठी कडुनिंब, करंज आणि शिरीष यांचा विचार होतो. पैकी शिरिषाच्या शेंगा हिवाळाभर वाजत लोंबतात आणि कचरा करतात, तर करंज घनदाट सावली देतो. पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यात अर्जुन आणि जांभूळ, प्रवेशद्वारापाशी बहावा, कांचन किंवा बकुळ, आणि मागच्या दगडाळ उतारावर पळस व करधई अशी वाटणी सुचवता येते. खिरणी हे मध्य भारतातील दीर्घायुषी, सदाहरित झाड अत्यंत सावकाश वाढते, म्हणूनच व्यापारी आवारात ते जवळजवळ लावले जात नाही. संस्थांच्या कायमस्वरूपी आवारांत मात्र त्याला स्थान मिळायला हवे.

झुडपांचा विचार नेहमी झाडांनंतर होतो, वास्तविक लहान आवारात धूळ अडवण्याचे आणि आडोसा करण्याचे बरेचसे काम तीच करतात. मेंदी, करवंद, अडुळसा, निर्गुडी, धायटी आणि तगर या जाती छाटणी सोसतात व पहिल्या दोन वर्षांनंतर थोड्या पाण्यावर निभावतात. करवंदाच्या काट्यांमुळे कुंपण पक्के होते, पण मुलांचा वावर असलेल्या जागी ते टाळावे लागते. कण्हेर महामार्गांच्या दुभाजकांवर यशस्वी ठरली असली, तरी तिचे सर्वांग विषारी असल्याने रुग्णालय, शाळा किंवा खाद्यपदार्थांच्या दुकानांजवळ ती लावू नये, याविषयी दुमत नाही. घाणेरीच्या शोभिवंत वाणांबाबत मात्र एकमत नाही, कारण तिच्या रानटी रूपाने मध्य भारताच्या वनांत मोठी जागा व्यापली आहे.

६. लागवडीच्या पद्धतीतील मतभेद

भारतातील निविदांत मोठ्या झाडासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून त्यात माती व शेणखत भरण्याची पद्धत रूढ आहे. आधुनिक वृक्षशास्त्र मात्र मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद आणि गड्ड्याइतकाच खोल खड्डा सुचवते, म्हणजे झाड नंतर खचत नाही आणि खोड जेथे मुळांकडे पसरट होते तो भाग जमिनीच्या पातळीवरच राहतो. अमेरिकेत कार्ल व्हिटकम्ब यांनी केलेल्या प्रयोगांत खड्ड्यातील माती खतांनी समृद्ध केल्याचा विशेष फायदा आढळला नाही. खड्ड्यातील मऊ माती सोडून मुळे भोवतालच्या कठीण मातीत जाऊ पाहत नाहीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. याउलट ग्वाल्हेरच्या टेकडीवर किंवा राडारोड्याने भरलेल्या आवारात भोवतालची माती मुळांना शिरकावच करू देत नाही, म्हणून तेथे मोठा खड्डा आणि बाहेरून आणलेली माती अपरिहार्य आहे असे उद्यानतज्ज्ञांचे म्हणणे असते. दोन्ही मते आपापल्या जमिनीच्या संदर्भात खरी आहेत. घोटाळा होतो तो एकच मोजमाप सर्वत्र लावल्यामुळे.

रोपाच्या वयाबाबतही मतभेद आहे. क्रेनने आणून बसवलेली मोठी झाडे आवाराला लगेच रूप देतात, पण उपटताना त्यांच्या मुळांचा फार मोठा भाग तुटतो आणि ती सावरायला वर्षे लागतात. तोवर लहान रोप पुष्कळदा त्यांना गाठते. लहान रोपाचा धोका वेगळा आहे. रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे गोल वेटोळी घालतात आणि लागवडीनंतरही तशीच जाड होत गेल्यास काही वर्षांनी वादळात झाड मुळासकट कोसळते. म्हणून पिशवी पूर्ण काढून गड्ड्याच्या बाजूंवर उभे छेद देणे व वेटोळी कापणे आवश्यक मानले जाते. घाईत पिशवीसकट रोप पुरण्याचा प्रकार आजही थांबलेला नाही.

अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीने दर चौरस मीटरला तीन ते पाच रोपे लावून दाट वनखंड उभारणे अनेक उद्योगांनी स्वीकारले आहे. लहान जागेत, दोन-तीन वर्षांत दाट हिरवाई हा तिचा निर्विवाद लाभ आहे. आक्षेप असा की ग्वाल्हेरसारख्या निमशुष्क भागातील नैसर्गिक वन मुळातच विरळ आणि गवताळ आहे, आणि दाट वनखंडाला आरंभी लागणारे पाणी येथे महाग आहे.

सर्वांत कमी चर्चिला जाणारा मुद्दा मुळांना मिळणाऱ्या मातीच्या आकारमानाचा आहे. पूर्ण वाढलेल्या मोठ्या झाडाला साधारण २५ ते ३० घनमीटर भुसभुशीत माती लागते असा पाश्चात्त्य वृक्षशास्त्रातील ठोकताळा आहे, तर पेव्हर ब्लॉकच्या मध्ये सोडलेल्या एक मीटरच्या चौकटीत जेमतेम एक घनमीटर माती असते. फरसबंदीचे वजन पेलूनही मुळांना वाट देणारे खडी व मातीचे मिश्रण कॉर्नेल विद्यापीठात विकसित झाले आहे. ते वापरणे, किंवा निदान वाहनतळातील एकेकटे खड्डे जोडून सलग चर करणे, हे मार्ग उपलब्ध आहेत, परंतु अंदाजपत्रकात त्यांची तरतूद क्वचितच होते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड, बुंध्यापासून थोडे दूर ठेवलेले पाच ते दहा सेंटिमीटर जाड आच्छादन, झाड वाढेल तसे रुंद केलेले आळे, सैल बांधलेला आणि वर्षभराने काढलेला काठीचा आधार, वाळवीवर नजर आणि किमान तीन उन्हाळे खोलवर पाणी, या बाबींवर मात्र सर्वांचे एकमत आहे.

७. नियम आणि जबाबदारी

मध्य प्रदेशात २००१ च्या नागरी वृक्ष परिरक्षण अधिनियमानुसार शहरी क्षेत्रात झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला आणि त्याचा दाखला इतर शहरांतही दिला जाऊ लागला. नागरी हरितीकरणाविषयी केंद्राची २०१४ ची मार्गदर्शिका आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधील भूदृश्यरचनेचा स्वतंत्र भाग यांतून निवडीचे निकषही मिळतात. या नियमांचा भर झाड न तोडण्यावर आणि संख्येवर आहे. लावलेले झाड पाचव्या वर्षी जिवंत आहे काय, हे विचारण्याची यंत्रणा मात्र दुबळी आहे. परवान्यातील अटींमुळे काही मालक तोडण्याची कटकट नको म्हणून मोठ्या जाती लावणेच टाळतात, असा आक्षेपही घेतला जातो.

८. अनुत्तरित प्रश्न

आज चार प्रश्न खुले आहेत. पहिला, येथील व्यावसायिक आवारांत कोणत्या जातीची किती रोपे पाच आणि दहा वर्षांनी टिकतात याची एकत्रित नोंद हाताशी नसल्याने जातींविषयीची मते निरीक्षणावर व परंपरेवर उभी आहेत. दुसरा, वाढत्या उष्णतेच्या लाटांत आजच्या भरवशाच्या जाती चाळीस वर्षांनी तशाच राहतील काय, आणि अधिक शुष्क प्रदेशातील शमी, हिंगणबेट यांसारख्या जाती आतापासूनच लावाव्यात काय. तिसरा, करधई किंवा धावड्यासारख्या जातींना मागणी नाही म्हणून रोपे नाहीत आणि रोपे नाहीत म्हणून मागणी नाही, हे चक्र कोणी तोडायचे. चौथा, तीन वर्षांच्या निगेचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकात धरायचा की आवार चालवणाऱ्याच्या.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी लागणारे ज्ञान फार दूर नाही. ग्वाल्हेरमध्ये २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आहे आणि झाशीला १९८८ पासून कृषिवानिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांचा मुख्य भर साहजिकच शेती व शेतातील वृक्षांवर आहे, परंतु उष्णता, कंकराची माती आणि दहिवर यांचा त्यांचा अनुभव बाजारपेठेतील झाडालाही तितकाच उपयोगी पडेल.

९. समारोप

एकूण चर्चेकडे पाहता तिचा बहुतेक जोर कोणते झाड या प्रश्नावर खर्ची पडला आहे, तर मातीचे आकारमान, मुळांची अवस्था आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांची जबाबदारी या बाबी मागे राहिल्या आहेत. देशी जातींचा आग्रह, उपयुक्ततेचा निकष आणि वैविध्याचे प्रमाण या तिन्ही भूमिका परस्परविरोधी नाहीत. जागा आधी ठरली की त्या एकमेकींना पूरक ठरतात. खडकाळ उतारावर स्थानिक वनवृक्ष, फरसबंदीतील वाहनतळात पुरेशी माती दिलेले छायावृक्ष आणि कुंपणालगत मिश्र झुडपे असा क्रम बहुतेकांना मान्य होण्यासारखा आहे. ग्वाल्हेरच्या मोठ्या संस्थांनी आपापल्या आवारातील प्रत्येक झाडाची जात, लागवडीचे वर्ष, खड्ड्याचे मोजमाप आणि दरवर्षीची स्थिती एवढीच नोंद ठेवण्यास आरंभ केला, तरी येत्या दशकात हा वाद मतांऐवजी पुराव्याच्या आधारे पुढे नेता येईल.